डेटाबेसला फोल्डरमध्ये लिहिता येत नाही? ७७७ देण्याआधी हे तपासा

रिपोर्टची सीएसव्ही काढायची म्हणून मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये 'सिलेक्ट इंटू आउटफाइल' (निकाल फाइलमध्ये लिहिणारी कमांड) चालवलं आणि उत्तर आलं: 'एररकोड १३, परमिशन डिनाइड'. तुम्ही तर रूटने, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या युजरने, लॉगिन केलंय, फोल्डरही तुमच्याच नावावर आहे. मग परवानगी नाही ती कोणाला?

मायएसक्यूएलच्या सर्व्हर प्रोसेसला. फाइल तीच लिहिते, आणि लिनक्सवर ती 'मायएसक्यूएल' याच नावाच्या वेगळ्या युजरखाली चालते. डेटाबेसमधला रूट आणि मशीनचा रूट यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

सगळ्यात घातक सवय म्हणजे लगेच 'सीएचमॉड ७७७' मारणं, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या देणं. त्याने फोल्डर मशीनवरच्या प्रत्येक युजरला उघडं पडतं आणि बऱ्याचदा एरर तशीच राहते, कारण अडथळा वरच्या फोल्डरमध्ये असतो. उबुंटू २१.०४ पासून नव्या युजरचं होम फोल्डर ७५० परवानगीने बनतं, म्हणजे मालक आणि त्याचा ग्रुप सोडून इतरांना काहीच परवानगी नसते. म्हणजे आतल्या फोल्डरला काहीही द्या, मायएसक्यूएल दारातच अडतो. 'नेमआय -एल' पुढे पूर्ण पाथ देऊन बघा. प्रत्येक पायरीची परवानगी वेगळ्या ओळीत दिसते. ज्या ओळीत शेवटच्या तीन जागी नुसत्या रेघा आहेत आणि मालक किंवा ग्रुप मायएसक्यूएल नाही, तिथे वाट बंद आहे. डेटा डिरेक्टरीला, म्हणजे डेटाबेस स्वतःचा डेटा ठेवतो त्या फोल्डरला, तर ७७७ कधीच देऊ नका. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये तिची परवानगी ७०० किंवा ७५० नसेल, तर सर्व्हर सुरूच होत नाही.

त्यापेक्षा 'सुडो -यू मायएसक्यूएल टच' वापरून, म्हणजे मायएसक्यूएल युजर बनून, त्याच फोल्डरमध्ये एक रिकामी फाइल बनवून बघा. नाही बनली, तर दोष मालकीचा किंवा परवानगीचा. एक्स्पोर्टसाठी होमच्या बाहेर वेगळं फोल्डर करा, 'सीएचओन'ने मायएसक्यूएलच्या नावावर करा आणि ७५० द्या. परवानगीपुरतं एवढं पुरतं.

एररचा नंबर न वाचता परवानग्या बदलत बसू नका. १२९० आला तर तो 'सिक्युअर फाइल प्रिव्ह' या सेटिंगचा नियम आहे: ठरवून दिलेल्या फोल्डरबाहेर लिहायचं नाही. उबुंटूच्या पॅकेजमध्ये हे फोल्डर सहसा '/व्हार/लिब/मायएसक्यूएल-फाइल्स' असतं. ही सेटिंग रिकामी करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तसं केलं की हे बंधनच उठतं. तो मानू नका, आहे तेच फोल्डर वापरा. १०४५ आला तर 'फाइल' प्रिव्हिलेज (सर्व्हरवर फाइल लिहिण्याचा अधिकार) नाही. ते एका डेटाबेसपुरतं देता येत नाही, त्यामुळे त्या डेटाबेसवर 'ग्रँट ऑल' केलेल्या युजरकडेही ते नसतं. १०८६ म्हणजे त्या नावाची फाइल आधीच आहे, आणि मायएसक्यूएल ती पुसून नवी लिहीत नाही.

आता खरी डोकेदुखी. 'टच' चालतं, मालकी बरोबर, तरी १३ येतोच. उबुंटूवर असाल तर ॲपआर्मर तपासा. कोणता प्रोग्राम कुठल्या फाइलला हात लावेल, हे ठरवणारी ही लिनक्सची सुरक्षा यंत्रणा. त्याची बंधनं डेटाबेसच्या प्रोग्रामवर असतात, युजरवर नाही, म्हणून 'टच' सुटतं आणि सर्व्हर अडकतो. 'डीमेसेज'मध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) 'डिनाइड' शोधा, नेमका पाथ तिथे लिहिलेला असतो. मग ॲपआर्मरच्या 'लोकल' फोल्डरमधल्या मायएसक्यूएलच्या फाइलमध्ये दोन ओळी घाला: एक फोल्डरला 'आर' (वाचणं), दुसरी आतल्या फाइल्सना 'आरडब्ल्यू' (वाचणं-लिहिणं). ओळीच्या शेवटचा स्वल्पविराम विसरला तर प्रोफाइल (ही नियमांची यादी) लोडच होणार नाही. रेड हॅटच्या कुळातल्या लिनक्सवर हेच काम एसईलिनक्स करतं. तिथे 'एलएस -झेड'ने फोल्डरचं सुरक्षा-लेबल बघा, 'सेमॅनेज'ने नियम नोंदवा आणि 'रिस्टोअरकॉन' चालवा. नुसतं 'सीएचकॉन' केलं तर पुढच्या रीलेबलमध्ये ते पुसलं जातं. दोन्हीपैकी काहीही बंद करू नका. डेटाबेसमध्ये कोणी घुसलंच, तर बाकी सर्व्हरला तेवढाच आडोसा उरतो.

एररशिवाय लिहिलेली फाइल 'टेम्प'मध्ये दिसत नसेल, तर सिस्टमडीचं (लिनक्सवर सर्व्हिसेस चालवणाऱ्या प्रोग्रामचं) 'प्रायव्हेटटेम्प' चालू आहे. सर्व्हिसचं टेम्प वेगळं असतं, फाइल तिथे पडलेली असते.

आणि ती सीएसव्ही मुळात तुमच्या लॅपटॉपवरच हवी असेल, तर आउटफाइलच्या वाटेला जाऊच नका, ते फाइल सर्व्हरवरच लिहितं. मायएसक्यूएलच्या क्लायंटचं आउटपुट थेट फाइलमध्ये वळवा किंवा पोस्टग्रेसमध्ये पीएसक्यूएल या क्लायंटचं '\कॉपी' वापरा. तेव्हा मात्र फाइल तुम्हीच लिहिता, तुमच्याच परवानगीने.