एन्ट्रा आयडी लॉग अ‍ॅनालिटिक्सला जोडताय? या चुका टाळा

"चार महिन्यांपूर्वी या कंत्राटी माणसाला पेमेंटच्या सर्व्हरचा अ‍ॅक्सेस कोणी मंजूर केला?" ऑडिटरने एवढंच विचारलं. अ‍ॅक्सेस पॅकेज (एकत्र मागता येणाऱ्या अधिकारांचा संच) होतं, मंजुरीची पायरी होती, मंजूर करणारे मॅनेजर समोर बसून "मीच केला" असं सांगतही होते. पण नोंद दाखवता येईना. एन्ट्रामधले (मायक्रोसॉफ्टची खाती आणि अधिकार सांभाळणारी सेवा) ऑडिट लॉग तीस दिवस मागे जाऊन थांबत होते आणि नोंदी जास्त काळ साठवून त्यांत शोध घेता येणाऱ्या लॉग अ‍ॅनालिटिक्सची जोडणी आम्ही ऑडिटची तारीख कळल्यावर, म्हणजे आदल्या आठवड्यात केली होती. अहवालात त्या प्रश्नापुढे "पुरावा उपलब्ध नाही" असं लिहिलं गेलं.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून आहे. सेटिंग सेव्ह झालं म्हणजे जोडणी झाली असं नाही. आपण स्वतः घडवलेली एक घटना वर्कस्पेसमध्ये, म्हणजे लॉग अ‍ॅनालिटिक्समधल्या साठवणीच्या जागेत, दिसली, आणि ती हवी तितके दिवस तिथेच राहणार याची खात्री झाली, की जोडणी झाली. खालच्या सगळ्या चुका म्हणजे ती एक नोंद वाटेत हरवण्याच्या जागा आहेत.

उशीर

मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आयडीमध्ये ऑडिट लॉग फुकटच्या आवृत्तीत 7 दिवस आणि पी-1 किंवा पी-2 लायसन्सवर 30 दिवस राहतात. डायग्नोस्टिक सेटिंग सुरू केलं की तिथून पुढच्या नोंदी वर्कस्पेसकडे जायला लागतात. मागच्या जात नाहीत. हे अनेकांना खरं वाटत नाही, "सेटिंग केलं की जुनं सगळं ओढून घेईल ना?" हा प्रश्न मला दर वेळी येतो. नाही घेत. म्हणून अ‍ॅक्सेस पॅकेजं, रिव्ह्यू, मंजुरीचे नियम यांची आखणी चालू असतानाच ही जोडणी करा. गव्हर्नन्स, म्हणजे कोणाला कुठला अधिकार कोणाच्या मंजुरीने याची शिस्त, सुरू होईल त्या दिवशी पहिली नोंद साठायला हवी.

खूण चुकीच्या चौकोनात

सेटिंगच्या पानावर लॉगच्या प्रकारांची लांब यादी येते. बहुतेक जण साइन-इनच्या ओळींवर खुणा करतात, कारण सुरक्षेचा विचार म्हटला की लॉगिनच आठवतं. गव्हर्नन्सचा जीव मात्र ऑडिटलॉग्ज या एका ओळीत आहे. अ‍ॅक्सेस पॅकेजची मागणी, मंजुरी, नकार, मुदत संपणं, अ‍ॅक्सेस रिव्ह्यूमधला निर्णय, पिममधून (ठराविक वेळेपुरते अधिकार देणारी एन्ट्रामधली सोय) घेतलेला तात्पुरता अधिकार, हे सगळं तिथे उतरतं. सोबत प्रोव्हिजनिंगलॉग्ज घ्या. मंजुरी मिळाली तरी पलीकडच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये खातं खरोखर उघडलं का, आणि माणूस गेल्यावर बंद झालं का, हे त्यातूनच कळतं. वर्कस्पेसमध्ये या टेबलाच्या नावाआधी ए-ए-डी ही अक्षरं लागतात. अझ्युर एडीचं नाव जुलै 2023 मध्ये बदलून एन्ट्रा आयडी झालं, टेबलांची जुनी नावं राहिली. नुसतं प्रोव्हिजनिंगलॉग्ज लिहून क्वेरी चालवली की टेबल सापडत नाही आणि माणूस तासभर भलतीकडे शोधत बसतो.

साइन-इनचे लॉग बाहेर पाठवायला पी-1 किंवा पी-2 लायसन्स लागतं, हेही आधीच पाहून ठेवा.

बिल वाचवायला लावलेली मर्यादा

ही चूक मी एका टीमसोबत बसून शोधली होती, म्हणून जरा सविस्तर सांगतो. त्यांची तक्रार होती की काही मंजुऱ्या लॉगमध्ये दिसतात, काही दिसत नाहीत. तोच मॅनेजर, तेच पॅकेज, तरी सोमवारची नोंद आहे आणि मंगळवारची नाही. दोन आठवडे ते क्वेरीतच दोष शोधत होते.

आम्ही क्वेरी बाजूला ठेवली आणि दर तासाला किती नोंदी आल्या एवढाच आलेख काढला. सकाळी उंच खांब, दुपारपर्यंत उंच खांब, आणि तीननंतर काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सपाट रेघ. आदल्या दिवशीही तेच. त्यांनी वर्कस्पेसवर रोजच्या डेटाची कमाल मर्यादा लावली होती. लॉग अ‍ॅनालिटिक्सचे पैसे आत येणाऱ्या गीगाबाइटवर लागतात, बिल वाढलं होतं, म्हणून कोणीतरी चांगल्या हेतूने ही मर्यादा घातली. ती भरली की उरलेल्या दिवसाचा डेटा घेणं थांबतं, आणि त्या काळातल्या नोंदी नंतर भरून येत नाहीत. मर्यादा परत शून्यावर येण्याची वेळ प्रत्येक वर्कस्पेसची वेगळी असते आणि ती आपल्याला बदलता येत नाही. मॅनेजर मंडळी मंजुऱ्या बहुतेक घरी निघायच्या आधी, संध्याकाळी द्यायची. नेमक्या त्याच जायच्या.

मर्यादा भरत कशाने होती? नॉन-इंटरॅक्टिव्ह साइन-इनने. माणूस सकाळी एकदा पासवर्ड टाकतो, पण त्याच्या फोनमधलं आउटलुक आणि लॅपटॉपवरचं टीम्स दिवसभर मागच्या मागे टोकन (लॉगिन चालू ठेवणारा डिजिटल पास) नवं करून घेत असतात, आणि त्या प्रत्येक वेळेची नोंद होते. त्या ढिगाऱ्यापुढे मंजुरीच्या नोंदी मूठभर असतात. आम्ही नॉन-इंटरॅक्टिव्ह लॉग वेगळ्या डायग्नोस्टिक सेटिंगने स्वस्त स्टोरेज खात्यात वळवले, ऑडिट आणि प्रोव्हिजनिंग वर्कस्पेसमध्येच ठेवले. मर्यादा ठेवायचीच असेल तर अपघाताने डेटा उसळला तर अडवण्यापुरती, नेहमीच्या आकड्याच्या बऱ्याच वर ठेवा, आणि ती भरली की ईमेल येईल असा अलर्ट लावा. रोजची काटकसर करायचं ते साधन नाही.

ग्लोबल अ‍ॅडमिन आहे, तरी काही दिसत नाही

एन्ट्रामधले अधिकार आणि अझ्युर सबस्क्रिप्शनमधले अधिकार ही दोन वेगळी घरं आहेत. डायग्नोस्टिक सेटिंग करायला एन्ट्रामध्ये सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा रोल लागतो, आणि वर्कस्पेस ज्या सबस्क्रिप्शनमध्ये आहे तिथलेही अधिकार लागतात. ग्लोबल अ‍ॅडमिनला ते आपोआप मिळत नाहीत. मग घाईत एन्ट्राच्या प्रॉपर्टीजमधली ती खिट्टी दाबली जाते, जिच्याने सगळ्या सबस्क्रिप्शनवर अधिकार वाटायची मुभा मिळते. काम होतं आणि खिट्टी तशीच राहते. गव्हर्नन्सच्या कामासाठी सगळ्यात मोठं दार उघडं टाकून जाऊ नका. सबस्क्रिप्शनच्या मालकाला गाठा आणि हवा तेवढाच रोल मागून घ्या.

वाचणाऱ्यांना लॉग अ‍ॅनालिटिक्स रीडर पुरतो. पण साइन-इनचे लॉग त्याच वर्कस्पेसमध्ये असतील तर कोण कुठल्या आयपीवरून कधी आलं हेही त्यांना दिसेल. सहकाऱ्यांच्या दिनक्रमाची ती माहिती आहे. ज्याला फक्त मंजुऱ्या पाहायच्या आहेत त्याला तेवढ्याच टेबलाचा अधिकार द्या. आणि जो अ‍ॅक्सेस मंजूर करतो त्याच्या हातात वर्कस्पेस पुसायचा अधिकार असता कामा नये.

साडेपाच तासांचा फरक

वर उल्लेखलेल्या आलेखावर दुपारचे तीन हे साडेनऊ असे दिसत होते, कारण नोंदीची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाण वेळेत, साठते. एरवी हे चालून जातं. पण 1 एप्रिलला रात्री दोन वाजता पडलेली नोंद वर्कस्पेसमध्ये 31 मार्च, 20:30 अशी असते. आर्थिक वर्षाच्या हिशोबाने अ‍ॅक्सेस रिव्ह्यूचा अहवाल काढताना अशा नोंदी चुकीच्या वर्षात जातात. वर्षाच्या सीमा क्वेरीतच साडेपाच तासांनी सरकवा, आणि अहवालावर कुठली वेळ वापरली ते लिहा.

माणूस ईमेलवरून ओळखणं

लग्नानंतर आडनाव बदललं, लॉगिनचं नाव बदललं, आणि क्वेरीला ती दोन वेगळी माणसं वाटली. कंत्राटी माणूस कायम झाला की तेच होतं. ऑब्जेक्ट आयडी वापरा. तोच खातं असेपर्यंत बदलत नाही. एका मागणीच्या अनेक ओळी जुळवायला कोरिलेशन आयडी आहे. आणखी एक: कृती कोणी केली हे सांगणाऱ्या रकान्यात कधी माणूस असतो, कधी अ‍ॅप. मुदत संपून आपोआप निघालेला अ‍ॅक्सेस अ‍ॅपच्या नावावर पडतो. फक्त माणसांवर गाळणी लावली तर या सगळ्या नोंदी अहवालातून गळतात.

किती दिवस आणि कुठे

वर्कस्पेसची मूळ मुदत 30 दिवसांचीच असते. म्हणजे सगळं नीट जोडूनही तुम्ही परत तिथेच. टेबलनिहाय मुदत वाढवता येते: थेट क्वेरीसाठी 2 वर्षांपर्यंत, दीर्घ साठवण धरून 12 वर्षांपर्यंत. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे भारतात लॉग 180 दिवस जपावे लागतात, आणि ते भारताच्या हद्दीत ठेवायला त्यात सांगितलं आहे. नंतरच्या प्रश्नोत्तरांत, मागितल्यावर वेळेत देता येत असतील तर बाहेर ठेवायलाही मुभा दिली. वर्कस्पेस बनवतानाच प्रदेश निवडा, कारण तो मागाहून बदलत नाही. सेंट्रल इंडिया निवडलं तर डेटा पुण्यात राहतो.

नोंद दिसतच नसेल तर

एक चाचणी पॅकेज आणि एक चाचणी खातं कायमचं ठेवा. मागणी टाका, मंजूर करा, घड्याळ बघा. आधी एन्ट्राच्या ऑडिट लॉगमध्ये ती नोंद शोधा. तिथेच नसेल तर जोडणीला हात लावू नका, अडचण पॅकेजच्या नियमात आहे. तिथे आहे पण वर्कस्पेसमध्ये नाही, तर पंधरा-वीस मिनिटं थांबा; अगदी नवी जोडणी असेल तर पहिला डेटा यायला दोन-तीन दिवसही लागू शकतात. टेबलच सापडत नाही असा संदेश आला, तर एक तर नाव चुकलं आहे, नाही तर त्या प्रकारची एकही नोंद अजून पोचलेली नाही. चौकोनातली खूण तपासा. कालपर्यंत येत होतं आणि आज थांबलं, तर रोजची मर्यादा आणि सबस्क्रिप्शन चालू आहे का ते पाहा.

हे सगळं बरोबर निघालं, तर पानाच्या वरच्या कोपऱ्यात कुठलं वर्कस्पेस निवडलं आहे ते वाचा. टेस्ट आणि प्रॉडक्शनच्या दोन सबस्क्रिप्शनमध्ये एकाच नावाची दोन वर्कस्पेस मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिली आहेत, आणि नोंद दर वेळी दुसऱ्यात व्यवस्थित येत होती.