ब्रेक्झिटवरून पडलेली पक्षफूट कशी वाचावी: नाशिकच्या द्राक्ष निर्यातदारांसाठी

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्याची मूळ तारीख २९ मार्च २०१९ होती, म्हणजे आपल्या द्राक्षांचा ऐन हंगाम. मार्चच्या पहिल्या आठवड्यात न्हावा-शेवाहून निघालेला कंटेनर सुएझमार्गे तीन-चार आठवड्यांनी पोहोचतो. माल समुद्रात असताना नियम बदलणार की नाही, हे ठरत होतं लंडनच्या तेव्हाच्या सत्ताधारी हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षातल्या भांडणावर. ते भांडण नीट वाचता येणं हे निर्यातीच्या कामाचाच भाग आहे, आणि त्यासाठी एक वही पुरते.

आधी पायऱ्या लिहा

"बाहेर पडणं" ही एक गोष्ट नव्हती. वहीत चार पायऱ्या आखा: एकल बाजारपेठेत राहणं (समान नियम, मोकळी ये-जा), फक्त सीमाशुल्क संघात राहणं (आपसात शुल्क नाही, बाहेरच्या मालावर सगळ्यांचं एकच शुल्क), साधा व्यापार करार, आणि कोणताच करार नाही. प्रत्येकीसमोर आपल्या मालाचं काय होईल ते लिहा. ब्रिटनच्या लंडन गेटवे बंदरात थेट उतरणाऱ्या कंटेनरला आणि नेदरलँड्समधल्या रॉटरडॅममार्गे जाणाऱ्या कंटेनरला वेगळं उत्तर येतं. ब्रिटन सीमाशुल्क संघात असताना रॉटरडॅमला शुल्क भरलं की माल पुढे मोकळा जात असे. आता तसं नाही. युरोपात शुल्क भरलं तरी द्राक्षं भारतीयच राहतात, त्यामुळे युरोपीय संघ-ब्रिटन करारातली शुल्कमाफी त्यांना लागू होत नाही आणि ब्रिटनमध्ये पुन्हा शुल्क पडू शकतं. ते टाळायचं तर माल टी-१ ट्रान्झिट कागदावर, म्हणजे युरोपात शुल्क न भरता नुसता पुढे जाणारा माल म्हणून, न्यावा लागतो.

या पायऱ्या न लिहिता थेट "कोण बाजूने, कोण विरोधात" असं मोजायला बसलात तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

मग आकडे मांडा

भाषणं बाजूला ठेवा. २०१७च्या निवडणुकीत हुजूर पक्षाला ३१७ जागा मिळाल्या आणि उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या पक्षाच्या १० जणांचा पाठिंबा होता. कॉमन्सच्या (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) ६५० जागांतून सभापती, मतदान न करणारे तीन उपसभापती आणि सभागृहात न बसणारे शिन फेन या आयरिश पक्षाचे ७ वजा करा. उरतात ६३९. एक उपसभापती हुजूर पक्षाचा, म्हणून सरकारकडे ३२६ आणि समोर ३१३. आघाडी १३ची. खासदार विरोधात गेला तर आघाडी दोनने घटते, तटस्थ राहिला तर एकने. म्हणजे सात जण पलीकडे गेले की सरकार हरणार. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांची अडचण या एका ओळीत दिसते.

आता सरकारशी बांधलेली मतं वेगळी काढा. मंत्री (कॉमन्समध्ये कायद्याने जास्तीत जास्त ९५) आणि त्यांचे संसदीय सहायक सरकारच्या बाजूनेच मत देतात. नाही दिलं तर पद सोडावं लागतं. म्हणून राजीनाम्याची बातमी आली की ते नाव बांधलेल्या रकान्यातून मोकळ्या रकान्यात टाका. चेकर्सच्या आराखड्यानंतर (युरोपशी जवळचे व्यापारी संबंध ठेवण्याची मे यांची योजना) ८ जुलै २०१८ला ब्रेक्झिट मंत्री डेव्हिड डेव्हिस गेले, दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन गेले, १५ नोव्हेंबरला डेव्हिस यांच्या जागी आलेले डॉमिनिक राब गेले. ही तिन्ही मतं मोकळी झाली.

बंडखोर एकाच टोकाचे नसतात

सगळ्यात मोठी चूक इथे होते. मे यांनी युरोपीय संघाशी केलेला बाहेर पडण्याचा करार १५ जानेवारी २०१९ला ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला आणि हुजूर पक्षाचे ११८ खासदार विरोधात गेले. १२ मार्चला बंडखोर ७५वर आले, २९ मार्चला ३४वर. उतरता आकडा पाहून "आता करार होणार" असं वाटणं साहजिक होतं. पण त्या ३४ जणांना फोडून पाहा: २८ जणांना करार फार मऊ वाटत होता, कारण उत्तर आयर्लंडच्या तरतुदीमुळे ब्रिटन सीमाशुल्काच्या चौकटीत अडकून राहील अशी त्यांना भीती होती. उरलेल्या सहांना दुसरं सार्वमत हवं होतं. करार थोडा कडक केला तर सहा हलत नाहीत, मऊ केला तर अठ्ठावीस हलत नाहीत. म्हणून प्रत्येक नावासमोर त्याला काय हवं यापेक्षा तो काय कदापि स्वीकारणार नाही, हे लिहा. अंदाज त्यावरूनच बांधता येतो.

एप्रिलमध्ये हेच उलट बाजूने दिसलं. १ तारखेला सभागृहाने कराराऐवजीच्या पर्यायांवर मतं घेतली. हुजूर खासदार केनेथ क्लार्क यांचा सीमाशुल्क संघाचा पर्याय २७३ विरुद्ध २७६ असा तीन मतांनी पडला, आणि त्या दिवशीचे बाकीचे पर्यायही पडले. "नको"ला बहुमत होतं, "हवं"ला कशालाच नव्हतं. अशा वेळी कायद्यात आधीच लिहिलेली तारीख जिंकते. युरोपीय संघाच्या करारातल्या कलम ५० खाली (संघ सोडण्याचं कलम) २९ मार्च २०१७ला पत्र गेलं होतं, दोन वर्षांची मुदत होती. कुणीच काही ठरवलं नाही तर करार न होता बाहेर. ती तारीख १२ एप्रिल, मग ३१ ऑक्टोबर आणि शेवटी ३१ जानेवारी २०२० अशी ढकलली गेली. प्रत्येक नवी तारीख वहीत लाल शाईने घ्या.

महाराष्ट्राचं गणित तिकडे लावू नका

२०२२ आणि २०२३ची इथली फूट पाहिलेल्या माणसाला वाटतं, पक्षादेश मोडला म्हणजे पक्ष फुटला. आपल्याकडे १९८५ पासून दहावी अनुसूची (पक्षांतरबंदी कायदा) आहे, आमदारकी-खासदारकी जाऊ शकते; त्यामुळे बंड होतं ते गटाने आणि कायद्याची पळवाट शोधूनच. ब्रिटनमध्ये पक्षादेश मोडणाऱ्याची खासदारकी जात नाही. फार तर पक्षातून काढतात: ३ सप्टेंबर २०१९ला करार न होता बाहेर पडणं रोखण्यासाठीच्या मतदानात विरोधात गेलेल्या २१ जणांना तोवर पंतप्रधान झालेल्या जॉन्सन यांनी काढलं, त्यातल्या दहांना ऑक्टोबरअखेर परत घेतलं. म्हणून तिथे बंड एका विषयापुरतं असू शकतं. ११८ जणांनी करार पाडला, पण दुसऱ्याच दिवशी अविश्वास प्रस्तावावर सरकार ३२५ विरुद्ध ३०६ असं तरलं. करार पडला म्हणून सरकार पडणार, असं समजून घाईने सौदे मोडू नयेत.

पक्षांतर्गत मतदानाचाही वेगळा रकाना ठेवा. १५ टक्के खासदारांनी, म्हणजे तेव्हा ४८ जणांनी, १९२२ समितीच्या (हुजूर पक्षाच्या मंत्री नसलेल्या खासदारांची समिती) अध्यक्षांना पत्रं दिली की नेत्यावर मतदान होत असे. १२ डिसेंबर २०१८ला मे २०० विरुद्ध ११७ने जिंकल्या. ते मतदान गुप्त होतं; ११७ आणि ११८ जवळ दिसतात म्हणून माणसं तीच आहेत असं धरू नका. सभागृहातलं मतदान मात्र नावानिशी छापलं जातं, तीच यादी वापरा.

वहीवरून सौद्यात

गोडी छाटणीच्या (फळासाठीच्या छाटणीच्या) वेळीच पहिला आढावा घ्या, कारण फवारणीचं वेळापत्रक तिथे ठरतं. ब्रिटनची कीडनाशक अंशमर्यादा आता युरोपपासून स्वतंत्र आहे. माल कुठे जाईल ठाऊक नसेल तर दोन्ही याद्यांतली कडक मर्यादा पाळा, नाहीतर ऐनवेळी कंटेनर वळवता येत नाही. दुसरा आढावा लोडिंगआधी: निघण्याच्या दिवसात समुद्रातले दिवस मिळवा, सुएझऐवजी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, वळसा असेल तर दहा-पंधरा दिवस वाढवा, आणि त्या खिडकीत लाल तारीख येते का पाहा. येत असेल तर वाढीव शुल्क आणि बंदरातला खोळंबा कुणाच्या माथी, हे लेखी घ्या. आयातदार म्हणून कुणाचं नाव लागणार तेही. पौंडातला सौदा असेल तर मतदानाच्या दिवसापलीकडे उघडा ठेवू नका. २४ जून २०१६ला पौंड काही तासांत दीड डॉलरवरून १.३३च्या खाली आला होता.

हीच वही आता २०२४ला सत्तेवर आलेल्या मजूर (लेबर) पक्षासाठी उघडा. १९ मे २०२५ला ब्रिटन आणि युरोपीय संघाने अन्न व वनस्पती आरोग्याच्या समान नियमांकडे जायचं ठरवलं. ते झालं तर अंशमर्यादेच्या दोन याद्या पुन्हा जवळ येतील. २०२४च्या निकालात मजूर पक्षाला ४११ जागा आहेत, तेव्हा सरकारला हरवायला ऐंशीहून जास्त खासदार पलीकडे जावे लागतील. सीमाशुल्क संघात परतायचं म्हणणारे त्यांच्यात किती, ते मतदानाच्या यादीवरून भरत जा.