कोकणातलं 'कर' आडनाव: मूळ कसं शोधायचं

आडनावाच्या शेवटी 'कर' असेल तर आधी ते काढून बघा, बहुतेक वेळा मागे गाव उरतं. आचरेकर आचऱ्याचे, केळुसकर केळूसचे, दाभोळकर दाभोळचे. पण नुसतं ऐकून गाव ठरवू नका हां, नेरूरकर म्हणजे कुडाळ तालुक्यातलं नेरूर, नवी मुंबईतलं नेरूळ वेगळं, एका अक्षराने माणूस भलत्याच गावात जाऊन पोचतो.

आता खरी गोष्ट. गावाचं नाव चिकटतं ते गाव सोडल्यावर. गावातच राहिलात तर सगळेच म्हापणकर, मग कोण कोणाला ओळखणार? म्हणून 'कर'च्या खाली बऱ्याचदा अजून एक जुनं आडनाव असतं. बाबासाहेबांचंच बघा, घराणं सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, म्हणून शाळेत नाव लागलं आंबडवेकर.

हे जुनं आडनाव काढायला गावी जावंच लागतं. कोणी "तुमी खयचे?" विचारलं की आडनाव सांगत बसू नका, वाडी सांगा आणि आजोबांचं नाव सांगा, म्हातारी माणसं घरावरून ओळखतात. देवळातल्या गुरवाला आणि मानकऱ्यांना पण विचारा, कुठल्या घराचा काय मान ते त्यांना पाठ असतं.

मग कागद. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधे जन्म-मृत्यूचं जुनं कोतवाल बुक मागा, बऱ्याच नोंदी मोडी लिपीत असतात तर वाचणारा सोबत न्या. आणि अर्जात जिल्हा बघून लिहा, सिंधुदुर्ग १९८१ ला झाला, त्याआधीच्या कागदावर रत्नागिरी असणार, आणि रायगड तेव्हा कुलाबा होता.

'कर' नसेल तर बऱ्याचदा काम असतं, खोत म्हणजे गावचा सारा वसूल करणारा, तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य.

पण माझं ऐकाल तर पहिल्यांदा गावच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर बघा. आम्ही म्हापणकर, मुंबईतले पणजोबांचे गिरणीचे कागद पण म्हापणकर नावाचेच. शाळेत हेडमास्तरांनी लाल फडक्यात बांधलेलं रजिस्टर सोडलं, पानं कसरीने खाल्लेली, शाई तपकिरी पडलेली, आणि तिथे पणजोबांच्या नावापुढे स्पष्ट लिहिलेलं, परब. त्याच ओळीत शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचं कारण, "मुंबईस गेला".