पहिली अटक : आधी कलमे वाचा, मग बचाव ठरवा

बांधावरून भांडण पेटले, काठी चालली, रात्री पोलिसांनी धाकट्या भावाला ठाण्यात नेले आणि घरच्यांनी पहिला फोन ओळखीच्या पुढाऱ्याला लावला, हा क्रम सातारा जिल्ह्यातील गावांना नवा नाही. तो फोन वकिलाला लागायला हवा आणि त्याच्याशी बोलताना गुन्हा रजिस्टर नंबर व लावलेली कलमे हाताशी हवीत.

१ जुलै २०२४ पासून घडलेले गुन्हे जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेखाली नोंदले जातात. अशा मारामारीत साधारणपणे ११५(२) म्हणजे साधी दुखापत, ३५२ म्हणजे शिवीगाळ, ३५१(२) म्हणजे धमकी आणि अनेकजण असल्यास ३(५) म्हणजे समान इराद्याने केलेले कृत्य ही कलमे दिसतात. काठी, कोयता वा कुऱ्हाड आली की ११८(१) लागते आणि प्रकरणाचा रंग बदलतो, कारण ते अजामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हक्काने मिळत नाही, तो न्यायालय ठरवते. गंमत अशी की हाड मोडल्यावर लागणारे ११७(२) सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे असूनही जामीनपात्र आहे, तर ११८(१) ची शिक्षा तीन वर्षांपर्यंतचीच आहे. म्हणून शिक्षेच्या आकड्यावरून जामिनाचा अंदाज बांधू नये. जखमीच्या वैद्यकीय दाखल्यानंतर कलमवाढही होऊ शकते.

अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले. तो कागद मागून घ्यावा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची होती, हे पोलिसांना नोंदवावे लागते. फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, म्हणजे पोलिसांपुढे हजर राहण्याची, नोटीस देऊन काम भागले असते का, हा प्रश्न जामीन अर्जात वकिलाच्या उपयोगी पडतो. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे बंधनकारक आहे. त्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत अंगावरची प्रत्येक जखम डॉक्टरांना दाखवावी. भांडणात आपल्यालाही मार लागला होता, याचा तो सर्वांत जवळचा पुरावा असतो.

चौकशीत नाव-पत्ता खरा सांगावा, मात्र स्वतःला गुंतवणारे उत्तर देण्याची सक्ती संविधानाच्या अनुच्छेद २०(३) मुळे करता येत नाही. पोलिसांपुढील कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, परंतु आरोपीने सांगितल्यावरून कोयता सापडला, तर त्या सांगण्याचा तेवढा भाग चालतो, आणि नेमके हेच अनेकांना ठाऊक नसते.

दंडाधिकाऱ्यांपुढे पोलीस कोठडी मागितली जाते. ती नाकारली वा संपली की न्यायालयीन कोठडी आणि जामीन अर्ज. जामीनदाराचा सात-बारा, आधार कार्ड आणि मागितल्यास ऐपतीचा दाखला आधीच तयार ठेवावा, कारण आदेश होऊनही कागदांअभावी माणूस तुरुंगात राहतो. अर्ज फेटाळला तर सत्र न्यायालय, आणि त्यानंतर उच्च न्यायालयासाठी साताऱ्याच्या माणसाला आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच, म्हणजे बाहेरगावी बसणारे खंडपीठ, सुरू आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मदतीचा क्रमांक १५१०० आहे.

दोषारोपपत्र गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत आले नाही, तर कोठडीतील आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, पण ते दाखल होण्यापूर्वी अर्ज करावा लागतो. दोषारोपपत्राची प्रत विनामूल्य मिळते. ती घरी नेऊन साक्षीदारांचे जबाब आणि पंचनामा यांतील वेळ, जागा व हत्यार जुळतात का, हे वकिलासोबत ओळ न ओळ पाहावे.

दोषारोप ठेवताना न्यायाधीश ‘गुन्हा कबूल आहे का’ असे विचारतात. ‘हो म्हण, दंड भरू, तारखा तरी वाचतील’ असा सल्ला कोर्टाच्या आवारात फुकट मिळतो. कबुलीतून दोषसिद्धी नोंदली जाते आणि सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलाच्या चारित्र्य पडताळणीत ती पुढे येते, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर वकिलाशी बोलल्याशिवाय देऊ नये.