वॉर्डातले पहिले तीन महिने

पहिल्या महिन्यातली एक संध्याकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स पूर्ण करून मी कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात स्टाफ म्हणून लागले होते. मेडिकल वॉर्ड, साडेसात वाजलेले, जेवणाआधी इन्सुलिन द्यायची घाई. वॉर्डातली इन्सुलिनची वायल, म्हणजे छोटी बाटली, संपलेली, म्हणून कागलच्या एका आजोबांच्या मुलानं बाहेरून आणून दिली. डोस 20 युनिट. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत भरलं आणि निघाले. सीनियर सिस्टरनी हात पुढे केला, "वायल दाखव बघू."

वायल 100 ची होती, सिरिंज 40 ची.

40 च्या सिरिंजवरच्या रेघा एका मिलीत 40 युनिट धरून मारलेल्या असतात. तिच्यावरची 20 ची रेघ म्हणजे अर्धा मिली. 100 च्या वायलमध्ये एका मिलीत 100 युनिट असतात, त्यातून अर्धा मिली काढलं की अंगात 50 युनिट जातात, लिहिलेल्या डोसच्या अडीचपट. रात्रीत शुगर उतरून आजोबा झोपेतच बेशुद्ध झाले असते.

सिस्टर पेशंटसमोर एक शब्द बोलल्या नाहीत. ट्रॉलीपाशी नेऊन हेच गणित मला कागदावर करायला लावलं. "आपल्याकडं दोन्ही मिळतात गं. लाल टोपण 40, केशरी टोपण 100. दर वेळी वाच, दर वेळी जुळव." त्या दिवशी त्या चारचौघांत ओरडल्या असत्या, तर पुढची शंका मी पोटातच ठेवली असती. आता नवीन मुलं-मुली माझ्या हाताखाली येतात. त्यांच्याकडून मला एवढंच हवं असतं, की त्यांनी विचारावं. आणि माझ्यासारख्या जुन्यांनी, कितीही दमलेलं असलं तरी, नीट उत्तर द्यावं.

ओव्हर घेताना, म्हणजे ड्यूटी बदलताना आधीच्या स्टाफकडून पेशंटची माहिती घेताना, हे सगळ्यात जास्त लागू पडतं. सुटणाऱ्या स्टाफला घरी जायची घाई असते, ती टेबलाशीच भराभर सांगून मोकळी होऊ बघते. तिला खाटेपर्यंत न्या. सलाईन किती उरलंय, कुठलं औषध द्यायचं राहिलंय, कुठला रिपोर्ट यायचाय, हे पेशंटसमोर उभं राहून विचारा. फोनवर डॉक्टरांनी औषध सांगितलं तर ते लिहून घ्या आणि नाव, डोस, कुठून द्यायचं हे त्यांना परत वाचून दाखवा. कुणी त्रासिक आवाजात "हो, तेच" म्हणेल, म्हणू दे.

पेशंटला काय विचारायचं, हेही इथं राहूनच कळतं. ऑपरेशनच्या सकाळी "काही खाल्लं का?" असं विचारलं की राधानगरीकडची मावशी खरेपणानं "नाही" म्हणते. तिनं पहाटे कपभर दुधाचा चहा घेतलेला असतो, पण चहा तिच्या लेखी खाण्यात मोडत नाही. म्हणून "चहा घेतला का? पाणी कधी प्यालात?" असं वेगवेगळं विचारा. सीमाभागातून आलेल्या एखाद्या आजीला फक्त कानडी येतं. वॉर्डातल्या आयामावशींपैकी कुणाला तरी ते समजतं, त्यांना बोलवा. मावशी-मामांशी पहिल्या दिवसापासून मानानं बोला. ऑक्सिजनची किल्ली कुठं टांगलीय हे त्यांनाच ठाऊक असतं.

कचऱ्याच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या डब्यांचा तक्ता भिंतीवर असतो, तो आठवड्यात पाठ होतो. सुई मात्र वापरली की लगेच पांढऱ्या डब्यात, टोपण परत लावायचं नाही. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस झाले नसतील तर रुजू होतानाच सांगा.

तरीही सुई टोचलीच, तर लपवू नका. माझ्या बरोबरीच्या एका मुलीनं नोकरी जाईल या भीतीनं दोन दिवस लपवलं होतं. जागा वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा, पिळू नका, तोंडात धरू नका. मग लगेच इन्चार्जना सांगा. एचआयव्ही टाळण्याची औषधं लागणार असतील तर ती पहिल्या काही तासांतच सुरू व्हायला हवीत, 72 तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही, आणि कोर्स 28 दिवसांचा असतो. त्या मुलीला आम्ही रात्री अकराला कॅज्युअल्टीत नेलं, तेव्हा तिच्याकडं जेमतेम दिवसभराची मुदत उरली होती. तुमच्यावर ही वेळ रात्री तीनला आली, तर तीनलाच फोन करा.