खल्ला फाटतो, पसरतो, मधे कच्चा राहतो? या चुका टाळा

आधी नाव. चल्ला नव्हे, घशातून काढलेला 'ख': खल्ला, म्हणजे वेणी घातलेला ज्यू पाव. ज्यू घरांत शुक्रवारी रात्री, शब्बाथच्या (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र चालणाऱ्या साप्ताहिक विश्रांतीच्या) जेवणाला, असे वेणीचे दोन पाव कापडाखाली झाकून ठेवतात. इजिप्तमधून सुटलेल्या ज्यू पूर्वजांना वाळवंटात देवाकडून मिळणारं अन्न, मान्ना, शुक्रवारी दुप्पट मिळे, त्याची ही आठवण. (शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंना 'शनवार तेली' म्हणत, तोच हा शब्बाथ.)

दोन पावांसाठी मैदा 500 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 7 ग्रॅम, साखर 60 ग्रॅम, मीठ 9 ग्रॅम, दोन अंडी आणि वर एक बलक, तेल 60 मिली, कोमट पाणी 160 मिली.

तेलाऐवजी लोणी घातलं तर पाव चवीला छानच होतो, पण मटणाच्या जेवणाला तो चालत नाही; कोशर, म्हणजे ज्यू खाण्यापिण्याच्या, नियमांत मांस आणि दूधदुभतं एकत्र येत नाही. अंडी एकेक करून वाटीत फोडा. रक्ताचा ठिपका दिसला तर ते अंडं वापरत नाहीत.

सगळ्यात महागात पडतं ते मळताना मैदा भुरभुरत राहणं. अंडी-तेलाचा गोळा पहिली पाच मिनिटं हाताला चिकटणारच. दहा-बारा मिनिटं तिंबत राहा, तो आपोआप गुळगुळीत होतो. फारच चिकटला तर हाताला तेल लावा. मैदा वाढला की पाव दुसऱ्याच दिवशी कोरडा पडतो.

गोळा दीड तासात दुप्पट होतो. मुंबईच्या मे महिन्यात तासाभरातच बघा. मग सहा भाग करा, प्रत्येकी साधारण 150 ग्रॅम. पेड 35 सेंमी लांब, टोकांना निमुळते. वळताना आखडत असतील तर ओढाताण नको, झाकून दहा मिनिटं सोडा. वर चिमूटभर कोरडा मैदा चोळला की भाजल्यावरही पेड वेगळे उठून दिसतात. तिपेडी वेणी सैल घाला. शाळेत जाणाऱ्या मुलीची कसून बांधलेली वेणी इथे कामाची नाही, कारण फुगायला जागा मिळाली नाही की पाव कुठूनतरी फाटतोच.

तरीही फाटला, तर बहुतेक वेळा दोष वेणीचा नसून घाईचा असतो. वेणी घातल्यावर पुन्हा 45 मिनिटं ते तासभर फुगू द्यायची असते. बोटाने हलकेच दाबा. खळगा लगेच भरून आला तर वेळ आहे. हळूहळू, अर्धाच भरला तर ओव्हन तापवा. तसाच राहिला तर उशीर झाला. कमी फुगलेला पाव ओव्हनमध्ये एकदम उसळतो आणि पेडांच्या सांध्यात पांढऱ्या चिरा पडतात. जास्त फुगलेला बसतो, वेणी सपाट होते.

अंड्याचा हात दोनदा द्या: वेणी घातल्यावर आणि भाजण्याच्या तोंडावर. फेटलेल्या अंड्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर पाणी घाला, पातळ होऊन सांध्यांत शिरतं. तीळ किंवा खसखस दुसऱ्या हातानंतर.

175 अंशांवर 30 ते 35 मिनिटं. साखर-अंड्यामुळे रंग विसाव्या मिनिटालाच येतो आणि तिथेच लोक फसतात. ओटीजीत वरची कॉइल बंद ठेवा, रंग चढला की वर फॉइल टाका. थर्मामीटर असेल तर पोटात 88 अंश हवेत. जाळीवर निदान पाऊण तास निवू द्या. गरम कापला तर आतला भाग सुरीला चिकटतो.

रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, हाच गोळा मनुका घालून गोल वळतात आणि पाव मधात बुडवून खातात. मनुका आधी भिजवून कोरड्या पुसा, आणि पृष्ठभागावर आलेल्या आत ढकला, नाहीतर त्या जळून कडू होतात.