अणू वर का चढतोय? क्यूटिपमधलं माझं पहिलं वर्ष

उत्तेजित अवस्थेतला अणू स्वस्थ बसत नाही. कधी ना कधी फोटॉन टाकतो आणि खाली येतो. वर्षापूर्वी मी क्यूटिपमध्ये, म्हणजे क्वांटम व्यवस्थांची गणितं सोडवणाऱ्या एका मुक्त सॉफ्टवेअरमध्ये, लिहिलेल्या पहिल्याच प्रोग्रॅममधला अणू मात्र ढिम्म होता. उत्तेजित असण्याच्या शक्यतेची रेषा आलेखात १ वर आडवी, हलायचं नाव नाही. तळाच्या अवस्थेपासून सुरुवात करून पाहिली, तर पठ्ठ्या आपणहून वर चढायला लागला. मी खूश! मुक्त सॉफ्टवेअरमध्ये बग सापडला की आपलं खातं उघडलं, अशी माझी समजूत होती. घाईघाईने इश्यू, म्हणजे बगची तक्रार, टाकला.

चूक अर्थातच माझी होती. क्यूटिपमध्ये स्पिनसाठी (वर आणि खाली अशा दोनच पातळ्यांची व्यवस्था) शून्य क्रमांकाची अवस्था म्हणजे ‘वर’. दोलकासाठी (इथे एकेका फोटॉनची पायरी चढणारी व्यवस्था) मात्र शून्य क्रमांक म्हणजे तळ, कारण तिथे फोटॉनच शून्य. दोन्ही संकेत पुस्तकांतले, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. मी अणूसाठी स्पिनची ‘वर’ अवस्था घेतली आणि त्याला खाली आणायला दोलकाचं ‘डिस्ट्रॉय’ (एक पायरी उतरवणारं मॅट्रिक्स) लावलं. दोन पातळ्यांसाठी हे डिस्ट्रॉय आणि स्पिनला वर नेणारं ‘सिग्मा प्लस’ एकच मॅट्रिक्स आहे. थोडक्यात, अणूला खाली ढकलतोय असं समजून मी त्याला वर खेचत होतो.

इश्यू बंद झाला, पण कोणी हसलं नाही. उलट सुचवलं गेलं, की तुम्ही फसलात तसे इतरही फसतील, तर उदाहरणात दोन ओळी टाका. त्या दोन ओळी ही माझी पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल प्रकल्पात घ्या’ अशी विनंती. कोड शून्य. नवीन येणाऱ्यांना मी हेच सांगतो, की असल्या प्रकल्पात पायथन चांगलं येणारे बरेच असतात. आलेख बघून कोड न उघडता ‘हे उत्तर चुकलंय’ म्हणू शकणारा माणूस जास्त उपयोगी पडतो. बीएस्सी-एमएस्सीत क्वांटमची गणितं हाताने सोडवली असतील, तर ते भांडवल तुमच्याकडे आहेच.

क्यूटिप, म्हणजे क्वांटम टूलबॉक्स इन पायथन, हे काय आहे ते दोन वाक्यांत सांगतो. प्रयोगातली क्वांटम व्यवस्था कधीच एकटी नसते, भोवतालात तिची ऊर्जा गळत असते. अशी ‘उघडी’ व्यवस्था काळानुसार कशी बदलते हे सोडवणं हे याचं मुख्य काम. योहान्सन, नेशन आणि नोरी यांचा त्यावरचा पहिला शोधनिबंध २०१२ चा, परवाना बीएसडी हा मुक्त वापराचा, आणि पाचवी मोठी आवृत्ती २०२४ मध्ये आली.

दुसरा धडा वर्गमुळाचा. क्षयाचा दर गॅमा असेल, तर सॉल्व्हरला (समीकरण सोडवणाऱ्या भागाला) द्यायच्या कोलॅप्स ऑपरेटरपुढे (गळती कशी होते हे सांगणाऱ्या मॅट्रिक्सपुढे) गॅमाचं वर्गमूळ लावावं लागतं. मी नुसता गॅमा लावला होता आणि माझ्या सगळ्या टेस्ट (कोड आपोआप तपासणारे छोटे प्रोग्रॅम) हिरव्या, म्हणजे पास, होत्या! कारण मी गॅमा १ घेतला होता, आणि १ चं वर्गमूळ १ च. पुढे गॅमा ०.१ घेतल्यावर बिंग फुटलं. दहा एकक वेळेनंतर उत्तेजित राहण्याची शक्यता ०.३७ यायला हवी, येत होती ०.९०. वर्गमूळ विसरल्यामुळे क्षयाचा दर ०.१ ऐवजी ०.०१ झाला होता. तेव्हापासून मी टेस्टमध्ये १ घेत नाही. ०.३ किंवा १.७ असला वाकडातिकडा आकडा घेतो. शून्य आणि एक हे आकडे चुका पोटात घालतात.

दोलकाचीही अशीच गंमत. कागदावर त्याला अनंत पातळ्या असतात, संगणकाला कुठेतरी कापाव्याच लागतात. पाच पातळ्या घ्या आणि ए (पायरी उतरवणारं) व ए-डॅगर (चढवणारं) यांचा कम्युटेटर, म्हणजे गुणाकाराचा क्रम उलटवल्यावर पडणारा फरक, छापा. पुस्तक म्हणतं, कर्णावर सगळे १. पडद्यावर येतं १, १, १, १, उणे ४. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पुन्हा बगच समजलो होतो (खोड जाता जात नाही). पण सांत मॅट्रिक्सच्या कम्युटेटरची ट्रेस (कर्णावरची बेरीज) शून्यच असावी लागते, म्हणून आधीच्या चार एकांची वसुली शेवटच्या घरातून होते. वरच्या पातळीपर्यंत काही पोचतच नसेल तर हे चालून जातं. सरासरी ९ फोटॉनची कोहेरन्ट (लेझरच्या प्रकाशासारखी) अवस्था दहाच पातळ्यांत कोंबायला गेलात, तर तिचा सुमारे ४१ टक्के हिस्सा बाहेर राहतो, आणि सॉफ्टवेअर तक्रारही करत नाही. पातळ्या वाढवून उत्तर बदलतंय का ते बघायचं, एवढाच उपाय. मला तो तीन महिन्यांनी सुचला.

वर्षाच्या मध्यावर मी एक टेस्ट लिहिली आणि तिने सगळ्यांचा वेळ खाल्ला. क्यूटिपमध्ये मॉन्टे कार्लो सॉल्व्हर आहे. तो अणूच्या शेकडो वेगवेगळ्या ‘कहाण्या’ चालवतो आणि सरासरी काढतो. एका कहाणीत अणू अमुक क्षणी एक तर वर असतो, नाहीतर पडलेला. मी ५०० कहाण्या घेतल्या, अपेक्षित उत्तर ०.३७, सवलत (चालेल एवढा फरक) ०.०५. माझ्या संगणकावर दहादा चालवली, दहाही वेळा पास. मर्ज झाली, म्हणजे मुख्य कोडमध्ये गेली, आणि अधूनमधून लाल (नापास) व्हायला लागली, तीही दुसऱ्यांच्या पुल रिक्वेस्टवर, ज्यांचा माझ्या टेस्टशी काही संबंध नव्हता.

हिशेब आधी करायला हवा होता. ५०० नाणी उडवल्यासारखंच हे, प्रमाण विचलन (सिग्मा) साधारण ०.०२२. म्हणजे माझी सवलत जेमतेम सव्वादोन सिग्मा होती आणि पन्नासात एकदा टेस्ट पडणं ठरलेलंच. टेस्ट वेगवेगळ्या पायथन आवृत्त्यांवर आणि ऑपरेटिंग सिस्टिमवर मिळून दहादा चालल्या, तर दर पाच-सहा पुल रिक्वेस्टमागे एक विनाकारण लाल. मी म्हटलं, सीड (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात तो आकडा) पक्का करतो, विषय संपला. रिव्ह्यूमध्ये (प्रकल्पातल्या इतरांच्या तपासणीत) उत्तर आलं, की सीड कराच, पण सवलत अंदाजाने ठेवू नका, सिग्मावरून काढा. नाहीतर उद्या सीड बदलला की तेच रडगाणं. पाच सिग्मा ठेवली. कहाण्या वाढवायचा मोह टाळला, कारण चूक निम्मी करायला कहाण्या चौपट लागतात आणि टेस्टचा वेळही चौपट होतो.

मेमरीचं थोडक्यात सांगतो. एका फंक्शनमध्ये मी स्पार्स मॅट्रिक्सची (शून्य न साठवणारी) डेन्स (सगळी घरं साठवणारी) केली, कारण दोन क्यूबिटवर (दोन पातळ्यांच्या एककांवर) ते वेगवान दिसलं. पण उघड्या व्यवस्थेचं लिउव्हिलियन (तिचा काळानुसार बदल सांगणारं मॅट्रिक्स) दर क्यूबिटमागे सोळापट वाढतं. डेन्स स्वरूपात सात क्यूबिटला ४ जीबी, आठला ६४ जीबी. रिव्ह्यू करणाऱ्याने एकच प्रश्न विचारला, ‘आठवर चालवून बघितलंत?’ बघितलं नव्हतं. पाचव्या आवृत्तीत डेटा लेअर नावाचा वेगळा थर आहे तो यासाठीच. मॅट्रिक्स कुठल्या स्वरूपात साठवायची हे तिथे ठरतं, भौतिकशास्त्राच्या कोडने त्यात नाक खुपसू नये.

आता व्यवहाराचं. पहिले दोन आठवडे इन्स्टॉल करण्यात जातील. काही भाग सायथनमध्ये (वेगासाठी कंपाइल करावी लागणारी, पायथनसारखी भाषा) असल्याने कंपायलर लागतो, त्यात कमीपणा मानू नका. रिव्ह्यूला वेळ लागतो, कारण करणारे आपापली संशोधनं सांभाळून करतात. आठवड्याने एकदा नम्रपणे आठवण करावी, रोज नाही. तीनशे ओळींची पुल रिक्वेस्ट पडून राहते, तीस ओळींची वाचली जाते. मानधन हवं असेल तर गूगल समर ऑफ कोडकडे (मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या नवोदितांसाठीचा गूगलचा उपक्रम) लक्ष ठेवा, क्यूटिप त्यात नमफोकस या वैज्ञानिक सॉफ्टवेअरला आधार देणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली भाग घेत आलं आहे. मात्र अर्जाच्या आठवड्यात पहिल्यांदा उगवू नका. माझी वर्षाची जमा म्हणाल तर अकरा पुल रिक्वेस्ट मर्ज, चार बंद. त्या चारपैकी तीन बंद झाल्या ते बरंच झालं, चौथीबद्दल मी अजून भांडतोय.

सध्या एक उदाहरण लिहितोय. अणू शांत बसलाय आणि ५० व्या क्षणाला त्याला अगदी बारीक पल्स (क्षणभराचा धक्का) द्यायची आहे. सॉल्व्हर काळातली आपली पावलं स्वतः ठरवतो. बराच वेळ काहीच घडत नाही म्हटल्यावर तो लांब ढांगा टाकायला लागतो आणि पल्स ओलांडून निघून जातो. उत्तर येतं, ‘काहीही झालं नाही’, आणि ते इतकं गुळगुळीत असतं की शंकाही येत नाही. पल्सच्या रुंदीच्या निम्म्यापेक्षा मोठं पाऊल टाकू नको, असं त्याला पर्यायातून बजावता येतं, पण त्यासाठी आधी तुम्हाला ते ठाऊक हवं. सॉफ्टवेअरनेच इशारा द्यावा, असं माझं म्हणणं. पल्स कुठे आहे हे त्याला कळणार कसं, हा समोरचा प्रश्न. चर्चा चालू आहे, आणि तूर्त तरी समोरच्याचं पारडं जड आहे.